आधी यादी, मग आकडा: संगणकशास्त्रातल्या संशोधकाची सायटेशन आणि सहलेखन कसं मोजायचं

नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाने (आयक्यूएसी) मागवलेला तक्ता असो, पीएचडीचा प्रगती अहवाल असो की नोकरीचा अर्ज, 'एच-इंडेक्स' हा रकाना हमखास असतो. संशोधकाच्या पेपरांचा इतर पेपरांत किती उल्लेख झाला, म्हणजे किती सायटेशन मिळाल्या, त्यावरून हा आकडा काढतात. बहुतेक जण गूगल स्कॉलर उघडतात, उजवीकडे दिसेल तो आकडा टिपतात आणि पुढच्या रकान्याकडे वळतात. आकडा कुठून घेतला, कोणत्या तारखेला घेतला, त्यात कोणते पेपर धरले, हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून एकाच माणसाचा एच-इंडेक्स एका कागदावर ११, दुसऱ्यावर ८ आणि तिसऱ्यावर ६ दिसतो आणि तपासणारा गोंधळून जातो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. चूक असते ती आकडा एकटा लिहिण्यात.

पुढची पद्धत नागपुरातल्या अभियांत्रिकी कॉलेजात नुकतेच रुजू झालेले प्राध्यापक, पीएचडी स्कॉलर आणि ज्यांच्या टेबलावर शेवटी हे सगळं येऊन पडतं ते ग्रंथपाल, यांच्यासाठी आहे. तीस-चाळीस पेपर असलेल्या एका माणसासाठी अख्खी दुपार राखून ठेवा. ब्राउझर, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस आणि एक-दोन मोफत सॉफ्टवेअर एवढंच लागतं. वेळेचा मोठा वाटा यादी साफ करण्यात जाईल आणि तो तसाच जायला हवा.

नावापासून सुरुवात

एक्सेलमध्ये पहिल्या पानावर संशोधकाच्या नावाची छापलेली सगळी रूपं लिहून काढा. मराठी नावांचं हे खास दुखणं आहे. कुणी वडिलांचं नाव मध्ये लिहितं, कुणी फक्त आद्याक्षर, कुणी आडनाव आधी. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधीचे पेपर एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर. त्यात आडनावाचं इंग्रजी लेखन. वानखेडे आणि वानखडे यांत इंग्रजीत शेवटून तिसरं अक्षर एकदा 'ई' असतं, एकदा 'ए'. माणूस एकच असतो, पण एका परिषदेच्या नोंदणीत कारकुनाने एक लिहिलं, दुसरीकडे सहलेखकाने दुसरं, आणि स्कोपस या पेपरांच्या सूचीमध्ये दोन माणसं तयार झाली. ठाकरे, गावंडे, देशमुख या आडनावांनाही हेच होतं.

नावाइतकंच संस्थेच्या नावाकडे बघा. व्हीएनआयटीचं, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचं उदाहरण घ्या. अधिकृत इंग्रजी लेखनात 'विश्वेश्वरय्या'मध्ये 'एच' हे अक्षर कुठेही नाही, पण पेपरवर ते सर्रास घातलेलं सापडतं. शिवाय २००२ आधी ही संस्था व्हीआरसीई, म्हणजे रीजनल कॉलेज होती, तेव्हा जुने पेपर त्या नावावर आहेत. विद्यापीठाचं तसंच. १९२३ साली स्थापन झालेलं नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. पेपरवर मात्र 'नागपूर युनिव्हर्सिटी', 'आरटीएम नागपूर युनिव्हर्सिटी', नुसतं 'आरटीएमएनयू' आणि पूर्ण नाव, अशी चारही रूपं आजही चालू आहेत. रामदेवबाबा किंवा लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट यांचं विद्यापीठ झालं, तिथेही जुनं-नवं अशी दोन नावं शोधावी लागतात. संलग्न कॉलेजातले काही जण पेपरवर कॉलेजचं नाव लिहितात, काही विद्यापीठाचं. ही सगळी रूपं दुसऱ्या रकान्यात उतरवून ठेवा, सहलेखनाच्या टप्प्यावर याच रकान्याची गरज पडणार आहे.

मग ऑर्किड बघा. ऑर्किड हा संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक असतो, चार-चारच्या गटांत लिहिलेला, आणि शेवटच्या जागी कधीकधी अंकाऐवजी 'एक्स' येतो. तो छपाईची चूक समजून खोडू नका, तपासणी-अंक म्हणून तो मुद्दाम तिथे असतो. ऑर्किड नसेल तर आजच काढायला सांगा, पैसे लागत नाहीत. पण नुसता क्रमांक काढून उपयोग नाही. पेपर सादर करताना तो प्रकाशकाच्या फॉर्ममध्ये भरला, तरच पुढे डेटाबेसमध्ये नाव जुळतं.

यादी: डीबीएलपी आणि सीव्ही शेजारी-शेजारी

संगणकशास्त्राचं एक सुदैव आहे, ते म्हणजे डीबीएलपी. जर्मनीतल्या ट्रीअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली संगणकशास्त्राच्या पेपरांची ही सूची आता श्लॉस डागश्टूल या संस्थेकडे आहे आणि पूर्ण मोफत आहे. इतर शाखांकडे इतकी नेटकी विषयवार सूची क्वचित असते. संशोधकाचं नाव टाका. नाव सामान्य असेल, उदाहरणार्थ अमित कुमार, तर नावापुढे ०००१, ०००२ असे चार अंक दिसतील. ते एकाच नावाच्या वेगवेगळ्या माणसांना वेगळं करण्यासाठी असतात. अंक नसलेलं पान उघडलं तर तिथे अजून वेगळे न केलेले अनेक जण एकत्र असू शकतात. प्रत्येक पेपरचे सहलेखक आणि संस्था बघूनच तो पेपर आपल्या माणसाचा धरा.

डीबीएलपीवर नोंदीशेजारच्या रंगावरून प्रकार कळतो: निळा परिषदेचा, लाल जर्नलचा, करडा अनौपचारिक. आर्काइव्ह या संकेतस्थळावरचे प्रीप्रिंट, म्हणजे रीतसर छापून येण्याआधी टाकलेल्या प्रती, करड्या रंगात येतात. एकच काम आधी करड्यात, वर्षभराने निळ्यात आणि मग वाढवून लाल रंगात, असं तीनदा दिसणं संगणकशास्त्रात नेहमीचं आहे. ही तीन ओळींची एक नोंद आहे की दोन, हे ठरवावं लागतं. आमचा नियम असा: प्रीप्रिंट आणि परिषदेचा पेपर एकच धरायचा. जर्नलमधली आवृत्ती नवे प्रयोग किंवा नवी सिद्धता घेऊन आली असेल तर वेगळी धरायची, नाहीतर तीही त्यातच. कुठलाही नियम पाळा, पण तो लिहून ठेवा आणि सगळ्यांना सारखाच लावा.

यादी डाउनलोड करून एक्सेलमध्ये घ्या आणि संशोधकाच्या सीव्हीतली यादी शेजारी ठेवा. सीव्हीत आहे पण डीबीएलपीत नाही, असे पेपर निघतीलच. त्याची तीन कारणं असतात: जर्नल लहान किंवा स्थानिक आहे, विषय संगणकशास्त्राच्या कडेचा आहे, किंवा जर्नल संशयास्पद आहे. कडेच्या विषयांचं नागपुरात विशेष. नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, एम्स अशा संस्था इथे आहेत. कपाशीच्या पानावरचा रोग चित्रावरून ओळखणारा पेपर शेतीच्या जर्नलमध्ये छापला जातो आणि डीबीएलपीला तो दिसत नाही. असे पेपर हाताने घाला. डीबीएलपीत नाही म्हणून पेपर कमी दर्जाचा, असा अर्थ काढू नका.

शेवटी प्रत्येक ओळीत डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, भरा. ज्याला डीओआय नाही तिथे 'नाही' असं लिहा, रकाना रिकामा सोडू नका. पुढची सगळी जुळवाजुळव डीओआयवर होते. शीर्षकावर भरवसा ठेवला तर एक विसर्गचिन्ह किंवा जोडरेघ सगळं बिघडवते.

सायटेशन कुठून घ्यायच्या

इथे निवड करावी लागते, आणि ती फॉर्म काय मागतो त्यावरून करा.

गूगल स्कॉलर सगळ्यात जास्त आकडा देतं, कारण ते प्रबंध, प्रीप्रिंट, तांत्रिक अहवाल, कधी कधी व्याख्यानाच्या टिपणांमधले संदर्भही मोजतं. परिषदांचे पेपर ते चांगले पकडतं, म्हणून संगणकशास्त्रासाठी ते टाकून देता येत नाही. पण गाळणी नाही. स्व-सायटेशन वगळायची सोयही नाही.

स्कोपस ही एल्सेव्हिअरची निवडक सूची आहे आणि वेब ऑफ सायन्स क्लॅरिव्हेटची. दोन्हींसाठी वर्गणी लागते, म्हणून संस्थेच्या नेटवर्कवरून किंवा ग्रंथालयात बसून काम करा. स्कोपसचं लेखक-पान वर्गणीशिवाय प्रीव्ह्यूमध्ये बघता येतं, पण सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी यादीची फाइल) उतरवायला वर्गणीच हवी. वेब ऑफ सायन्सची मुळं १९६४ च्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहेत आणि ती जर्नलांभोवती वाढली. परिषदांचा इंडेक्स तिथे वेगळा आहे. संस्थेच्या वर्गणीत तो नसेल तर संगणकशास्त्राच्या माणसाचं अर्धं काम गायब दिसतं. शून्याच्या जवळचा आकडा आला तर आधी हे तपासा.

ओपनअॅलेक्स २०२२ च्या जानेवारीत सुरू झालं, मायक्रोसॉफ्ट अॅकॅडेमिक बंद झाल्याबरोबर. सगळा डेटा मोफत आणि मुक्त परवान्यावर. ज्या कॉलेजांकडे स्कोपसची वर्गणी नाही त्यांच्यासाठी सध्या हाच चांगला मार्ग आहे असं आमचं मत आहे. त्यातही एक माणूस दोन-तीन ओळखक्रमांकांत विभागलेला असतो, म्हणून लेखकाच्या नावावरून आकडा घेऊ नका. आपल्या साफ केलेल्या यादीतले डीओआय देऊन पेपरनिहाय सायटेशन घ्या.

सिमँटिक स्कॉलरचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखं: एखाद्या पेपरचा दुसऱ्यावर खरोखर प्रभाव दिसतो, अशा सायटेशन ते वेगळ्या दाखवतं. 'संबंधित काम' या परिच्छेदात सात जणांबरोबर एका कंसात उल्लेख होणं आणि पूर्ण पद्धत त्या पेपरवर उभी असणं, यांत फरक आहे. ही वर्गवारी यंत्राने केलेली असते, तेव्हा तिचा उपयोग वाचायला कुठून सुरुवात करायची एवढ्यापुरताच करा.

फॉर्मवर 'स्कोपस' लिहिलं असेल तर स्कोपसच. काहीच लिहिलं नसेल तर दोन ठिकाणचे आकडे वेगवेगळ्या रकान्यात द्या. दोन सूचींची बेरीज कधीही करू नका. एकच सायटेशन दोन्हीकडे असते.

स्कॉलरचं प्रोफाइल आधी झाडून घ्या

बहुतेक जणांची गाडी स्कॉलरवरच अडते, म्हणून थोडं जवळून बघू.

प्रोफाइल काढताना 'पेपर आपोआप जोडा' हा पर्याय चालू राहतो आणि स्कॉलर त्याच आद्याक्षराच्या दुसऱ्या माणसाचे पेपर आणून टाकतं. संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पानावर हृदयरोगाचा किंवा खडकांच्या रसायनाचा पेपर दिसला तर समजा हेच झालंय. अशा एका पेपरला दोनशे सायटेशन असल्या तर सगळं चित्र खोटं होतं. परके पेपर निवडून काढून टाका आणि सेटिंगमध्ये 'आधी मला ईमेलने विचारा' हा पर्याय लावा.

दुसरं, दुहेरी नोंदी. दोन्हींवर खूण करून मर्ज करा. मर्ज केल्यावर बेरीज होईलच असं नाही, आणि व्हायलाही नको. समजा प्रीप्रिंटला १४ सायटेशन आहेत आणि परिषदेच्या आवृत्तीला ११. उल्लेख करणाऱ्यांपैकी ४ जणांनी दोन्हींचा उल्लेख केलाय. तर खरा आकडा २१, २५ नव्हे. 'इतक्यांनी उल्लेख केला' या आकड्याशेजारी चांदणी दिसली तर त्यात अशा जोडलेल्या नोंदी आहेत आणि त्यातली एखादी आपल्या पेपरची नसू शकते, असा तो इशारा आहे. त्यावर क्लिक करून प्रत्येक नोंद बघा.

तिसरं, उजवीकडचे दोन रकाने. एकावर 'सर्व', दुसऱ्यावर 'अमुक वर्षापासून'. दुसरा रकाना अलीकडे छापलेल्या पेपरांचा आहे असं अनेक जण समजतात. तसं नाही. पेपर कधीचाही असो, त्या वर्षानंतर मिळालेल्या सायटेशन त्यात मोजल्या जातात. १९९८ चा पेपर आजही उल्लेखला जात असेल तर तोही त्यात आहे.

स्कॉलरवरून उतरवलेल्या सीएसव्हीत सायटेशनचा रकाना येत नाही. तो हवा असेल तर अॅन-विल हार्झिंग यांचं 'पब्लिश ऑर पेरिश' हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. प्रोफाइल शोधून सायटेशनसह सगळी यादी एक्सेलला देता येते. फार झपाट्याने शोध घेतले तर स्कॉलर काही काळ अडवतं. वीस जणांची माहिती एका बैठकीत काढायला बसू नका, पाच-पाच करून घ्या.

मोजणी हाताने एकदा तरी करा

एच-इंडेक्स जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. व्याख्या सोपी: किमान 'एच' इतक्या सायटेशन मिळालेले 'एच' पेपर. एक्सेलमध्ये सायटेशन उतरत्या क्रमाने लावा, शेजारी १, २, ३ असे क्रमांक द्या आणि खाली येत जा. क्रमांकापेक्षा सायटेशन कमी झाल्या की थांबा. त्याच्या वरच्या ओळीचा क्रमांक हा एच-इंडेक्स.

समजा १४ पेपरांच्या सायटेशन अशा आहेत: ४८, ३१, २२, १७, १२, ९, ८, ८, ६, ५, ३, २, ०, ०. आठव्या पेपरला ८ आहेत, नवव्याला ६. एच-इंडेक्स ८. गूगलचा आय-१० म्हणजे किमान दहा सायटेशन असलेले पेपर, इथे ५. लिओ एग्घे यांचा जी-इंडेक्स वरच्या पेपरांची बेरीज बघतो: पहिल्या १३ पेपरांची बेरीज १७१, ती १३ च्या वर्गापेक्षा, म्हणजे १६९ पेक्षा जास्त. १४ चा वर्ग १९६, तिथे पोचत नाही. जी-इंडेक्स १३. सरासरी १२.२ येते, पण मध्यक ८. संगणकशास्त्रात एखाद-दुसरा पेपर सगळं ओढून नेतो, तेव्हा सरासरी एकटी देऊ नका, मध्यक सोबत द्या.

आता स्व-सायटेशन. आधी ठरवा की फक्त संशोधकाने स्वतः केलेले उल्लेख वगळायचे की त्याच्या सहलेखकांनी केलेलेही. स्कोपसमध्ये सायटेशनचा आढावा काढताना दोन्ही पर्याय मिळतात. वरच्याच यादीतून ३८ स्व-सायटेशन वगळल्या आणि उरलं असं: ३९, २६, १८, १४, १०, ७, ६, ५, ४, ३, १, ०, ०, ०. एकूण १७१ वरून १३३. एच-इंडेक्स ८ वरून थेट ६. फक्त २२ टक्के सायटेशन गेल्या, पण कड्यावर उभे असलेले पेपर घसरले, म्हणून घट मोठी दिसते. स्व-सायटेशन हा गुन्हा नाही. स्वतःचाच अल्गोरिदम पुढे नेणाऱ्याने स्वतःचा मागचा पेपर सांगायलाच हवा. दोन्ही आकडे द्या, वाचणारा ठरवेल.

उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादीही एकदा जर्नल आणि परिषदेनुसार लावून बघा. निम्म्याहून जास्त सायटेशन एकाच जर्नलच्या एक-दोन अंकांतून आल्या असतील, किंवा विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या पेपरांतून आल्या असतील, तर तो आकडा तसाच पुढे पाठवू नका, मूळ पेपर उघडून वाचा. मागे घेतलेले पेपर तपासायला रिट्रॅक्शन वॉचचा डेटा २०२३ पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडून मोफत मिळतो.

तुलना करायची असेल तर

वीस वर्षं झालेल्या माणसाचा एच-इंडेक्स पाच वर्षांच्या माणसाशेजारी ठेवणं अन्यायाचं आहे. हा आकडा कधी कमी होत नाही, नुसतं थांबून राहिलं तरी वाढतो. हर्शने यासाठीच एच-इंडेक्सला पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायला सांगितलं होतं. दहा वर्षांत ८ म्हणजे ०.८.

त्याहून मोठा फरक उपशाखेचा. मशीन लर्निंगमध्ये लिहिणारे आणि उल्लेख करणारे दोन्ही अफाट, म्हणून सायटेशन लवकर चढतात. सिद्धान्ताकडच्या, उदाहरणार्थ गुंतागुंतीच्या सिद्धता मांडणाऱ्या पेपराला तिथपर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतात. एका विभागात दोघंही शेजारी बसतात आणि एकाच तक्त्यात त्यांची नावं येतात, हे आम्हाला खरोखर खटकतं. त्याच वर्षीच्या, त्याच उपशाखेतल्या, त्याच प्रकारच्या पेपरांशी तुलना करा. स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय (क्षेत्र बघून काढलेला सायटेशनचा निर्देशांक) नेमकं हेच करतो: १ म्हणजे जगाची सरासरी, १.५ म्हणजे तिच्या दीडपट. पण १४ पेपरांवर काढलेला एफडब्ल्यूसीआय एका गाजलेल्या पेपरने फुगतो, म्हणून पेपरनिहाय टक्केवारी-क्रम, म्हणजे तशाच किती टक्के पेपरांच्या तो पुढे आहे हे, जास्त खात्रीचा. सर्वेक्षण-पेपर आणि डेटासेट-पेपर यांना मुळातच जास्त सायटेशन मिळतात, त्यांच्यासमोर तशी खूण करा.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपरमागे सरासरी सायटेशनचा आकडा, जर्नलचा असतो, माणसाचा नसतो, आणि परिषदांना तो लागूच होत नाही. परिषदेचा दर्जा सांगायचा असेल तर ऑस्ट्रेलियातल्या कोअर यादीतली ए-स्टार, ए, बी, सी ही श्रेणी वर्षासह लिहा, कारण श्रेणी बदलत असते. संशोधनाच्या मूल्यमापनात इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नका असं सांगणारा डोरा जाहीरनामा २०१२ मध्येच तयार झाला आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वं मांडली. विभागात वाद झाला तर ही दोन्ही कागदपत्रं छापून टेबलावर ठेवायला हरकत नाही.

सहलेखन: कोण कुणाबरोबर काम करतं

सायटेशनचा आकडा सांगत नाही ते सहलेखनाची यादी सांगते. हा माणूस आपल्या गाइडच्या सावलीतून बाहेर पडला का? विद्यार्थ्यांबरोबर लिहितो का? शहरातल्या दुसऱ्या संस्थेशी त्याचं खरं काम चालतं की करारावर नुसत्या सह्या आहेत?

आधीच्याच एक्सेलमध्ये नवं पान घ्या. एका ओळीत एक पेपर आणि एक सहलेखक. पाच लेखकांच्या पेपरच्या आपल्या माणसाला सोडून चार ओळी होतील. प्रत्येक ओळीत सहलेखकाची पेपर लिहितानाची संस्था, शहर आणि देश भरा. सुरुवातीला बनवलेली संस्थानावांची यादी इथे उपयोगी पडते. सगळी रूपं एका नावावर आणल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नागपूर विद्यापीठ स्वतःशीच सहकार्य करताना दिसेल.

मग पेपर चार गटांत टाका: सगळे एकाच संस्थेतले, नागपुरातल्या दोन संस्था, भारतातली दुसरी संस्था, परदेशी संस्था. एक पेपर दोन गटांत बसत असेल तर सगळ्यात दूरच्या गटात टाका. आपल्या १४ पेपरांचं ७, ३, २, २ असं निघालं, तर आंतरसंस्था सहकार्य निम्म्या पेपरांत आहे आणि परदेशी फक्त दोनांत.

ते दोन उघडून वाचा. एमटेकचं काम नागपुरात केलेला विद्यार्थी पेपर छापून येईपर्यंत परदेशात शिकायला जातो आणि पेपरवर नव्या विद्यापीठाचं नाव घालतो. यंत्र त्याला आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतं, प्रत्यक्षात काम एकाच लॅबमध्ये झालेलं असतं. एका माणसाच्या दोन संस्था लिहिलेल्या असतील तिथेही हेच होतं. अशा पेपरांसमोर खूण करा आणि परदेशी सहकार्य मोजताना त्यांना धरलं की नाही ते सांगा.

संबंध किती घट्ट, हे नुसत्या पेपरसंख्येवरून ठरवू नका. दोघांनी मिळून लिहिलेला पेपर आणि बारा जणांचा पेपर सारखा कसा? मार्क न्यूमन यांनी सुचवलेला उपाय सोपा आहे: प्रत्येक पेपरसाठी लेखकसंख्येतून एक वजा करून त्याने एकाला भागा. एका सहलेखकाबरोबर तीन पेपर आहेत, अनुक्रमे दोन, तीन आणि पाच लेखकांचे. वजन झालं १ अधिक ०.५ अधिक ०.२५, म्हणजे १.७५. सगळ्या सहलेखकांची वजनं काढून क्रम लावा. पहिलं नाव गाइडचं असेल, आणि गेल्या पाच वर्षांचे पेपर वेगळे काढल्यावर ते खाली गेलं असेल, तर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतोय असं म्हणता येईल. त्याच धर्तीवर माणसाचा पेपरातला वाटा काढायचा असेल तर एकाला लेखकसंख्येने भागतात. सीएस-रँकिंग्ज ही विभागांची क्रमवारी डीबीएलपीच्या डेटावर असंच मोजते.

'पहिला लेखक' हा रकाना जपून वापरा. सैद्धान्तिक संगणकशास्त्रात नावं वर्णक्रमाने लावायची प्रथा आहे. तिथे वानखेडे कायम शेवटी आणि अग्रवाल कायम पहिले. मशीन लर्निंगमध्ये उलट: पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं, शेवटचं बहुधा गाइडचं, आणि समान वाटा असेल तर चांदणी. पेपरचा विषय न बघता हा रकाना भरला तर निष्कर्ष चुकतो.

जाळ्याचं चित्र

चित्रासाठी लायडन विद्यापीठातल्या व्हॅन-एक आणि वॉल्टमन या दोघांचं व्हॉसव्ह्यूअर पुरेसं आहे आणि मोफत आहे. स्कोपसवरून सीएसव्ही उतरवताना संस्था आणि संदर्भसूची या दोन्ही खुणा चालू ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये 'क्रिएट'वर जाऊन ग्रंथसूचीच्या डेटावरून नकाशा हा पर्याय घ्या, फाइल द्या, प्रकार 'को-ऑथरशिप', एकक 'ऑथर्स'. स्कोपस नसेल तर ओपनअॅलेक्समधून थेट डेटा आणायची सोय त्यातच आहे.

दोन ठिकाणी नवखे अडतात. सॉफ्टवेअर किमान पाच पेपर असलेलेच लेखक घेतं, तसं आधीच ठरवलेलं असतं. एका माणसाच्या जाळ्यासाठी हा आकडा १ किंवा २ करा, नाहीतर पडद्यावर तीनच ठिपके येतात. उलट, २५ हून जास्त लेखकांचे पेपर ते गाळतं. तो आकडा तसाच राहू द्या. शंभर लेखकांचा एक पेपर आत आला तर चित्राचा लोकरीचा गुंडा होतो. दुसरं, नावांची रूपं. वानखेडे-वानखडे इथे पुन्हा दोन ठिपके होतात. त्यासाठी थिसॉरस फाइल लागते: साध्या टेक्स्टमध्ये दोन रकाने, मध्ये टॅब, पहिल्या ओळीत 'लेबल' आणि 'रिप्लेस बाय' हे इंग्रजी शब्द, खाली प्रत्येक चुकीचं रूप आणि त्यासमोर बरोबर रूप. टॅबऐवजी स्पेस पडली तर फाइल चालत नाही.

चित्र आल्यावर मधला मोठा ठिपका आपल्याच माणसाचा असणार, त्याचं कौतुक नको. त्याला काढून टाकून पुन्हा बघा. उरलेल्यांचे तुकडे पडले तर तो माणूस वेगवेगळ्या गटांना जोडत होता. काहीच तुकडे पडले नाहीत तर गट आधीपासूनच एकत्र होता.

अहवालात काय लिहायचं

आकड्यांच्या वर दोन-तीन ओळी पुरतात. उदाहरणार्थ: 'पेपर १४, यादी डीबीएलपी आणि सीव्हीवरून पडताळलेली, प्रीप्रिंट मूळ पेपरात धरलेले. सायटेशन स्कोपस, १५ जून २०२५: एकूण १७१, स्व-सायटेशन वगळून १३३. एच-इंडेक्स ८, वगळून ६. मध्यक ८. आंतरसंस्था पेपर ७, त्यातले परदेशी २.' याखाली सगळी यादी डीओआयसह जोडा. यादी जोडली नाही तर कुणालाही हे पुन्हा मोजता येत नाही.

पाठवण्याआधी ही यादी त्या संशोधकाला दाखवा. आपलाच पेपर वगळलेला किंवा दुसऱ्याचा घातलेला त्यालाच पटकन दिसतो. स्कोपसमध्ये दोन प्रोफाइल सापडली असतील तर लेखक-दुरुस्तीच्या फॉर्ममधून ती एकत्र करायला द्या आणि डीबीएलपीच्या चमूला ईमेल करा. दुरुस्ती लगेच दिसत नाही, परिषदेचे नवे पेपरही छापल्यावर काही महिन्यांनी स्कोपसमध्ये येतात. म्हणून नॅकची किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीची तारीख कळेपर्यंत थांबू नका, दुरुस्तीचे अर्ज तीन-चार महिने आधी टाकून ठेवा आणि कोणत्या दिवशी कुठला अर्ज केला ते त्याच एक्सेलच्या शेवटच्या पानावर लिहा.